कारखान्याच्या सर्व्हरचा बॅकअप : काय घ्यायचं आणि काय वगळायचं

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्याच्या ऑफिसात उबुंटू लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर आहे. त्यावर जेकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची) डिझाइनं आहेत, दोन विंडोज मशीनवरून उघडला जाणारा टॅलीचा डेटा आहे आणि ऑर्डरींचा मारियाडीबी डेटाबेस आहे. वापरलेली जागा ३८० जीबी. तुम्ही एक टीबीची बाहेरची डिस्क लावली, मुळापासून (म्हणजे / या सगळ्यात वरच्या फोल्डरापासून) सगळं कॉपी करायला आरसिंक या कॉपीच्या प्रोग्रामला सांगितलं आणि घरी गेलात. सकाळी आलात तर डिस्क गच्च भरलेली आणि कॉपी अर्धवट. आता विचारताय की काय वगळायचं, काय वगळलं तर पुढे पस्तावायची वेळ येईल, आणि त्यापेक्षा सरळ पूर्ण डिस्कची इमेजच (जशीच्या तशी प्रत) घ्यावी का.

सोलापुरात मी अठरा वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. फोल्डरांच्या वाटा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

आधी डिस्क का भरली ते. तुमची बाहेरची डिस्क /मीडिया या फोल्डरखाली जोडली जाते. तुम्ही मुळापासून सगळं घ्यायला सांगितलं, म्हणजे त्यात /मीडियाही आलं. मग बॅकअप स्वतःचीच कॉपी स्वतःच्या पोटात करत सुटला. डिस्क उघडून आतल्या /मीडियामध्ये जाऊन बघा, तुमचाच बॅकअप तिथे परत दिसेल. दुसरं कारण /प्रॉक. हे फोल्डर डिस्कवर नसतंच. कर्नल (सिस्टीमचा गाभा) चालू असताना स्वतःची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो, तेवढंच ते. त्यातल्या केकोअर नावाच्या फाइलीचा आकार ६४ बिट मशीनवर १२८ टेराबाइट इतका दिसतो. डिस्कवर तिने एक बाइटही अडवलेला नसतो, पण आरसिंक तिला खरी फाइल समजून वाचत बसतो.

/प्रॉक, /सिस, /डेव्ह आणि /रन हे चारही याच जातीचे. मशीन चालू झालं की आपोआप भरतात. हे वगळायचे, पण कसे ते नीट बघा. नुसतं /प्रॉक असं लिहिलंत तर बॅकअपमध्ये तो फोल्डरच राहणार नाही. रिस्टोर केल्यावर मशीन सुरू होताना सिस्टीमला ते जोडायला जागा हवी असते आणि ती सापडत नाही. म्हणून /प्रॉक/* असं लिहायचं. फोल्डर राहतो, आतलं सगळं गळतं. बाकीच्या तिघांना, शिवाय /टेम्प, /मीडिया आणि /एमएनटीलाही हीच पद्धत. सर्व्हरवर /स्वॅप.आयएमजी ही स्वॅपची (मेमरी कमी पडली की वापरायची) फाइल असते, ती सरळ काढा. लॉस्ट+फाउंडही काढा.

इथवर कुणाचंच दुमत नसतं. खरा घोळ पुढे सुरू होतो.

मी प्रत्येक फोल्डरपुढे एकच प्रश्न ठेवतो : उद्या ही डिस्क मेली तर यातलं मला दुसरीकडून कुठून मिळेल? /व्हार/कॅशमधली डाउनलोड झालेली पॅकेजं उबुंटूच्या सर्व्हरवरून परत येतील. लिनक्सच्या फोल्डरांची रचना ठरवणारं मानकही (त्याची ३.० ही आवृत्ती २०१५ची) हेच सांगतं की /व्हार/कॅशमधलं पुसलं तरी माहिती हरवता कामा नये. उलट /व्हार/लिब म्हणजे प्रोग्रामांनी जपून ठेवलेली स्थिती, ती कुठूनही परत मिळत नाही. एकाच /व्हारच्या पोटात एक शेजारी फेकायचा आणि दुसरा जिवापाड सांभाळायचा. म्हणून ‘/व्हार घ्यावं का’ हा प्रश्नच चुकीचा आहे, त्याच्या आत उतरावं लागतं.

पुढची गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. यादी दोन प्रकारे करता येते. एक, जे हवं त्याची नावं लिहायची : /होम, /ईटीसी, संपलं. दोन, सगळं घ्यायचं आणि जे नको त्याचीच नावं लिहायची. बरेच जण पहिली पद्धत वापरतात, कारण ती सुटसुटीत दिसते. मी ती सोडून दिली आहे. सहा महिन्यांनी तुमच्या डिझायनरने /एसआरव्हीखाली नवा फोल्डर केला, किंवा कुणी सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने त्याचा डेटा /ऑप्टमध्ये टाकला, तर पहिल्या पद्धतीत तो बॅकअपमध्ये कधीच येत नाही आणि कुणी तुम्हाला सांगतही नाही. दुसऱ्या पद्धतीत तो न सांगता येतो. चूक झालीच तर जागा जास्त लागेल, एवढंच. जागा विकत मिळते.

पण वगळायची यादीही काळजी न घेता लिहिली तर तितकीच घातक ठरते. हे मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी एका चादर कारखान्याचा बॅकअप मी लावून दिला होता. यादीत मी *टेम्प* असा पॅटर्न टाकला होता (तारा म्हणजे तिथे कोणतीही अक्षरं चालतील). हेतू हा की जिथे कुठे तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर असेल तो गळावा. ऐन मे महिन्यात सर्व्हरची एसएसडी गेली. नवी बसवली, रिस्टोर केलं, टॅली चालू, डेटाबेस चालू, सगळे खूश. संध्याकाळी डिझायनरचा फोन आला : गुलाब आहे, मोर आहे, पण ‘टेम्पल बॉर्डर’चा फोल्डरच नाही. टेम्पल या शब्दाची सुरुवातच टेम्प अशी आहे. माझ्या पॅटर्नने दोन वर्षं रोज रात्री तो फोल्डर वगळला होता. आत चाळीसेक डिझाइनं होती. काहींचे ग्राफ कागदावर सापडले. बाकीच्यांसाठी त्या माणसाने नमुन्याची चादर टेबलावर पसरली, भिंग लावून एकेक ताणा आणि बाणा मोजला आणि चौकोन भरत डिझाइन परत काढलं. मी दोन दिवस त्याच्या शेजारी बसून आकडे लिहून घेत होतो. ते काम संपायला जवळजवळ दोन महिने लागले.

तेव्हापासून माझ्या यादीत दोन्ही बाजूंनी तारा लावलेला पॅटर्न नसतो. प्रत्येक ओळ तिरक्या रेघेने सुरू होते, म्हणजे ती मुळापासूनच मोजली जाते. दुसरं उदाहरण घ्या. /स्नॅप हा मुळाशी असलेला फोल्डर वगळायला हरकत नाही, तिथे फक्त स्नॅप पॅकेजं जोडलेली दिसतात, मूळ फाइली /व्हार/लिब/स्नॅपडीमध्ये असतात. पण तुम्ही सुरुवातीची रेघ न लावता नुसतं ‘स्नॅप’ लिहिलंत तर प्रत्येकाच्या होममधला स्नॅप फोल्डरही जातो, आणि उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्सचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड नेमके तिथेच असतात. अकाउंट्सच्या मॅडमची जीएसटी पोर्टलची, बँकेची सगळी लॉगिनं त्यात असतात.

आरसिंकची एक खोच इथेच सांगतो, कारण ती भल्याभल्यांना चकवते. पॅटर्नच्या सुरुवातीची तिरकी रेघ म्हणजे डिस्कचं मूळ नव्हे, तर तुम्ही जिथून कॉपी सुरू केली ते मूळ. पूर्ण सिस्टीम घेताना दोन्ही एकच असतात. पण उद्या तुम्ही ‘/होम/’ एवढंच घ्यायला सांगितलंत आणि यादीत /होम/*/.कॅश/* तसंच ठेवलंत, तर ते कशालाच लागू होणार नाही. तिथे /*/.कॅश/* लिहावं लागतं. आणि एक तारा तिरकी रेघ ओलांडत नाही, दोन तारे ओलांडतात. दोन तारे लिहायच्या आधी दोनदा विचार करा.

यादी बरोबर आहे की नाही हे डोळ्यांनी बघायची सोय आहे. आरसिंकला ‘ड्राय रन’ द्या आणि व्हर्बोजचा व्ही दोनदा द्या. काहीही कॉपी न होता तो प्रत्येक वगळलेल्या गोष्टीसाठी एक ओळ छापतो : अमुक फोल्डर तमुक पॅटर्नमुळे लपवला. इंग्रजीत त्या ओळीत ‘हायडिंग’ हा शब्द असतो, तेवढ्याच ओळी ग्रेप या शोधायच्या कमांडने गाळून घ्या. चहा घेत वाचून होतील इतक्या असतात. ही सवय मला तेव्हा असती तर टेम्पलची ओळ पहिल्याच दिवशी दिसली असती.

आता हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टी. /ईटीसी सगळे घेतात, ठीकच. पण तुमच्याकडे सांबाचे शेअर आहेत, म्हणजे विंडोज मशीनवरून उघडता येणारे सर्व्हरवरचे फोल्डर. शेअरची रचना /ईटीसी/सांबामध्ये असते, पण वापरणाऱ्यांचे सांबा पासवर्ड /व्हार/लिब/सांबा/प्रायव्हेटमध्ये असतात. ते राहिले तर रिस्टोरनंतर शेअर दिसतो, पण कुणालाच आत जाता येत नाही. ठरलेल्या वेळी चालणारी क्रॉनची कामं /व्हार/स्पूल/क्रॉन/क्रॉनटॅब्समध्ये असतात. तुमची बॅकअपची स्क्रिप्ट कदाचित /रूटमध्ये नाहीतर /युजर/लोकल/बिनमध्ये असेल. ती डिस्कबरोबर गेली तर बॅकअप आहे पण तो कसा घेतला होता हे कुणाला ठाऊक नाही, अशी गत होते.

/युजर, /बूट हे वगळून जागा वाचवा असा सल्ला तुम्हाला मिळेल, कारण ते परत इन्स्टॉल होतं. तत्त्वतः खरं आहे. पण तुमच्या ३८० जीबीत त्यांचा वाटा किरकोळ आहे, आणि सगळा कारखाना थांबलेला असताना जशीच्या तशी सिस्टीम हाताशी असणं फार मोलाचं असतं. ठेवा. शिवाय एपीटी-मार्कच्या ‘शोमॅन्युअल’ने मुद्दाम बसवलेल्या पॅकेजांची नावं रोज एका फाइलीत काढून /रूटमध्ये ठेवा. काही केबींची फाइल असते, पण नव्या उबुंटूवर जायची वेळ आली तर तीच कामी येते.

लॉग? मी ठेवतो. कुणी बाहेरून शिरलं किंवा फाइली पुसल्या तर तिथेच माग लागतो. सिस्टमडीचं जर्नल (सिस्टीमची नोंदवही) मात्र आपोआप चार जीबीपर्यंत वाढू शकतं, जागेची तंगी असेल तर तेवढं काढा. डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं साधन) वापरत असाल तर त्याचे थर काढा, ते परत डाउनलोड होतात; व्हॉल्यूम ठेवा, त्यात डेटा असतो.

डेटाबेसवर जरा थांबू. चालू असलेल्या मारियाडीबीच्या /व्हार/लिब/मायएसक्यूएलमधल्या फाइली कॉपी करणं म्हणजे चालत्या मागावरचं कापड मापण्यासारखं आहे. पहिली फाइल रात्री एकची, शेवटची एक वाजून दहा मिनिटांची, मधल्या वेळात ऑर्डर बदललेली. कॉपी पूर्ण झालेली दिसते, उघडायला गेलात की रुसते. म्हणून आधी डंप (डेटाबेसातलं सगळं एका मजकुराच्या फाइलीत) काढायचा, ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ पर्यायासह, म्हणजे इनोडीबी प्रकारच्या टेबलांचं एकाच क्षणाचं चित्र मिळतं. रूटीन्स आणि इव्हेंट्स हे दोन पर्यायही द्या. ते आपोआप येत नाहीत, आणि तुमच्या ऑर्डरच्या सॉफ्टवेअरने हिशेबाचे प्रोसीजर डेटाबेसातच लिहिलेले असतील तर ते नसल्यावर सॉफ्टवेअर अर्धं आंधळं होतं. डंप नीट झाला का, हे त्याच्या शेवटच्या ओळीवरून कळतं : ‘डंप कंप्लीटेड’ आणि पुढे तारीख-वेळ. स्क्रिप्टला ती ओळ तपासायला लावा, नसेल तर तुम्हाला मेल जाऊ दे. एवढं झालं की /व्हार/लिब/मायएसक्यूएल/* खुशाल वगळा. डंप हीच खरी प्रत.

टॅलीचंही तसंच. विंडोजवर कंपनी उघडी असताना सांबाच्या फोल्डरातून कॉपी घेतली तर भरवसा नाही. ऑफिस बंद झाल्यानंतरची वेळ धरा आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला एसएमबीस्टेटस चालवून कुणी फाइल धरून बसलंय का बघा. मार्चअखेरीला आणि लग्नसराईच्या ऑर्डरींच्या वेळी लोक रात्री अकरापर्यंत बसतात, तेव्हा आठची वेळ चालणार नाही.

होम फोल्डरांत प्रत्येकाचा .कॅश फोल्डर वगळा, आणि .लोकल/शेअरमधला ट्रॅश. त्याच्या पलीकडे हात लावू नका. डाउनलोड्सवर सगळ्यांचा डोळा असतो, ‘तो कचराच असतो’ म्हणून. सोलापुरातल्या ऑफिसांत मी पाहिलेलं वेगळं आहे. व्यापाऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला रंगांचा नमुना, जीएसटीच्या रिटर्नची पीडीएफ, बँकेचं स्टेटमेंट, सगळं डाउनलोड्समध्येच पडलेलं असतं आणि पुढे कुणी हलवत नाही. ठेवा. .बीएके शेवट असलेल्या फाइलीही वगळू नका. मूळ डिझाइन बिघडलं की जुनी चांगली प्रत म्हणून कधीकधी तीच एकटी उरलेली असते. आणि .एसएसएच फोल्डर (दूरच्या मशीनवर शिरायच्या किल्ल्यांचा) बिंदूने सुरू होतो म्हणून तो बिनमहत्त्वाचा नाही. बिंदूने सुरू होणारं सगळं गाळणारी यादी मी दोन ठिकाणी पाहिली आहे, दोन्हीकडे ती त्याच दिवशी बदलायला लावली.

‘वन फाइल सिस्टीम’ म्हणजे स्मॉल एक्सचा पर्याय द्या असंही तुम्हाला कुणी सांगेल. त्याने आरसिंक एका पार्टिशनबाहेर जात नाही, त्यामुळे /प्रॉक, /मीडिया वगैरे आपोआप सुटतात. छान वाटतं. पण इन्स्टॉल करताना कुणी /होम वेगळ्या पार्टिशनवर ठेवलं असेल तर तेही सुटतं, आणि बॅकअपमध्ये /होम नावाचा रिकामा फोल्डर दिमाखात उभा दिसतो. /बूट/ईएफआय तर बहुतेक मशीनवर वेगळंच असतं. हा पर्याय वापरायचा तर आधी फाइंडमाउंट चालवून आपल्याकडे काय काय वेगळं जोडलंय ते बघा आणि प्रत्येकाचं नाव स्वतंत्रपणे द्या. तुमच्या सर्व्हरची रचना कशी आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून आजच बघून घ्या.

आरसिंकच्या कमांडमध्ये नुसत्या स्मॉल ए पर्यायाने काम भागत नाही. कॅपिटल एच, कॅपिटल ए आणि कॅपिटल एक्स जोडा, म्हणजे हार्डलिंक (एकाच फाइलीची अनेक नावं), एसीएल (बारीक परवानग्या) आणि एक्स्टेंडेड अॅट्रिब्यूट (फाइलीला जोडलेली जादा माहिती) येतात. ‘न्यूमेरिक आयडीज’ही द्या, म्हणजे फाइलींचे मालक नावांऐवजी आकड्यांनी जपले जातात. आणि तुमची डिस्क दुकानातून आली तशीच एक्सफॅट फॉरमॅटची असेल तर हे सगळं व्यर्थ आहे, कारण त्यावर लिनक्सचे मालक आणि परवानग्या टिकत नाहीत. ती रिकामी करून ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) करा. करतानाच लक्सने (डिस्कच्या एन्क्रिप्शनने) कुलूपबंद करा, कारण त्यात पासवर्ड आणि हिशेब आहेत, आणि ही डिस्क तुम्ही घरी नेणार आहात. सर्व्हरशेजारच्या कपाटात ठेवू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, वर कारखान्याच्या हवेतले कापसाचे तंतू पंख्यात जाऊन बसतात. आणि आग लागली तर सर्व्हर आणि डिस्क एकत्रच जातील. दोन डिस्क घ्या, एक घरी, एक ऑफिसात, दर शनिवारी अदलाबदल.

पूर्ण डिस्कच्या इमेजबद्दल : क्लोनझिलाने एकदा घेऊन ठेवा, सगळं नीट बसवून झाल्यावर. रोजसाठी ती नको. सर्व्हर बंद करावा लागतो, आणि एका हरवलेल्या डिझाइनसाठी पूर्ण इमेज उघडत बसावं लागतं.

कुठला फोल्डर किती जागा खातो हे एनसीड्यू दाखवतं. वगळण्याच्या नादात त्यातल्या लहान फोल्डरांच्या मागे लागू नका. पाच-दहा जीबीच्या खाली असेल आणि मनात थोडीही शंका असेल तर ते बॅकअपमध्ये जाऊ द्या.

हे सगळं लावून झालं की पंधरा दिवसांच्या आत एखादा जुना पीसी घ्या आणि त्यावर रिस्टोर करून बघा. नव्या डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) वेगळा असतो, म्हणून /ईटीसी/एफएसटॅब (कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी) दुरुस्त करावं लागेल आणि ग्रब (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) परत बसवावा लागेल. हे दोन्ही निवांत असताना एकदा हाताखालून गेलेलं बरं. चाचणीपुरता त्या पीसीला वेगळा आयपी द्या, नाहीतर तो चालू सर्व्हरशी भांडेल. मग विंडोज मशीनवरून त्याच्या शेअरला नेहमीच्याच पासवर्डने जोडा. आत शिरता आलं तर सांबाचं सगळं आलं. टॅलीची कंपनी उघडा. डिझायनरला बोलवा आणि त्याच्या आवडीची कुठलीही तीन डिझाइनं त्यालाच उघडू द्या, फोल्डरांची नावं तो पाठ सांगेल. शेवटी डंप नव्या डेटाबेसात भरा आणि ऑर्डरींच्या टेबलातली शेवटची नोंद काढा. बॅकअपच्या दिवशी संध्याकाळी घेतलेली शेवटची ऑर्डर, मीटरचा आकडा आणि रंगासकट, तिथे दिसली पाहिजे.